‘तुझी मतं आजोबांची आहेत’

पत्र :
‘माझं वय ५४. माहेरी राजकारणावर रोज बोलणं व्हायचं. बाबा सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे, मध्येच थांबून आम्हाला विचारायचे, “तुला काय वाटतं?” आणि उत्तरही बहुतेक तेच द्यायचे. लग्नानंतर माझ्या घरातही तीच सवय राहिली. मुलगा तीन वर्षं शिकायला बाहेर होता. गेल्या महिन्यात घरी आला आणि पहिल्याच रात्री जेवताना वाद झाला. शब्दानं शब्द वाढला. शेवटी तो म्हणाला, “आई, तुझी मतं तुझी नाहीतच. ती आजोबांची आहेत. तू नुसती पाठ केलीयेस.” मी ताटावरून उठले. तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. खरं सांगू का, मला त्याचा राग कमी आला आणि भीती जास्त वाटली. त्या रात्री मी एकेक मत आठवत बसले, आणि प्रत्येक वाक्य मला बाबांच्याच आवाजात ऐकू आलं. माझं मत माझं आहे की नाही, हे मला कळणार कसं?
ता. क. – एकदाच, बाबा हयात असताना, मी त्यांना न सांगता दुसऱ्या पक्षाला मत दिलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.’
– एक आई

नमस्कार.

तुमची मतं कोणत्या बाजूची आणि मुलाची कोणत्या, हे तुम्ही सविस्तर लिहिलं होतं. तो भाग मी इथे घेतलेला नाही. दोघांच्या बाजूंची अदलाबदल केली असती, तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं. शिवाय तो भाग छापला असता तर निम्म्या वाचकांनी तुमच्याविषयी आधी मत बनवलं असतं आणि मग पुढचं वाचलं असतं.

मुलगा बोलला त्यात तथ्य आहे. त्यानं ते तुम्हाला लागावं म्हणून वापरलं ते चुकलं, पण मुद्दा खरा आहे. कोरा कागद घेऊन, सगळ्या बाजू मांडून, बेरीज-वजाबाकी करून आपलं राजकीय मत ठरवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मतं आपल्याला आधी लागतात आणि कारणं नंतर सापडतात. ‘बाळकडू’ हा शब्द आपण उगाच वापरत नाही.

माझंच सांगते. मी सात-आठ वर्षांची असेन. माझे वडील पेपर वाचताना काही बोलत नसत. पण एका पुढाऱ्याचं नाव आलं की पान उलटण्याचा आवाज बदलायचा. फट्‌कन घडी पडायची आणि पेपर मांडीवर आपटायचा. त्या माणसानं काय केलं होतं, तो कोणत्या खात्याचा मंत्री होता, मला काहीही ठाऊक नव्हतं. तरी तो वाईट आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पुढे कॉलेजात मी त्याच्या विरोधात तावातावानं बोलायचे, त्याच्या धोरणांचे दाखले द्यायचे. ते सगळे दाखले मी नंतर गोळा केले होते. मूळ कारण त्या घडीचा आवाज होता, आणि हे माझ्या लक्षात यायला मला चाळिशी गाठावी लागली.

घरातून नेमकं काय येतं, याचा अभ्यास झालेला आहे. केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड निमी या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६५ साली शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या १,६६९ विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना वेगवेगळं गाठून प्रश्न विचारले. आईवडिलांचा पक्ष मुलांमध्ये बऱ्यापैकी उतरलेला दिसला. पण एकेका प्रश्नावरची मतं, म्हणजे अमुक कायदा हवा की नको, तमुक हक्क द्यावा की नाही, ही वाटली होती त्यापेक्षा कितीतरी कमी जुळली. म्हणजे घरातून मुख्यतः एक गोष्ट येते : आपली माणसं कोणती आणि परकी कोणती. बाकीचा तपशील प्रत्येक जण बाहेर फिरता फिरता भरत जातो. तुम्हाला सगळी वाक्यं बाबांच्या आवाजात ऐकू आली, त्याचं मला नवल वाटत नाही. ती सुरुवातीची वाक्यं आहेत. पण ५४ वर्षांत तुम्ही संसार केलात, माणसं पाहिलीत, चार वेळा फसलात, चार वेळा सावरलात. त्यातून तुमच्या मतांमध्ये जे हळूहळू भरलं गेलं त्याला कुणाचाच आवाज नसतो, म्हणून ते त्या रात्री ऐकू आलं नाही.

आता मुलाकडे वळू. त्याची मतं आभाळातून पडली, असं त्याला वाटत असेल तर ते वयाला धरून आहे. पण ती कुठून आली असतील याचा बऱ्यापैकी अंदाज करता येतो.

बेनिंग्टन नावाचं एक कॉलेज आहे, अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात. १९३२ साली ते सुरू झालं तेव्हा फक्त मुलींसाठी होतं. मुली सधन, जुन्या वळणाच्या घरांतल्या. शिकवणारे बहुतेक तरुण आणि नव्या विचारांचे. थिओडोर न्यूकम हे मानसशास्त्रज्ञ तिथे शिकवायचे. त्यांनी १९३५ ते १९३९ या काळात त्या मुलींच्या मतांमध्ये होणारा बदल टिपून ठेवला. १९३६ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. पहिल्या वर्षाच्या मुलींपैकी ६२ टक्के मुलींची पसंती घरच्यांसारखीच, रिपब्लिकन उमेदवाराला होती. वरच्या दोन वर्गांतल्या मुलींमध्ये हा आकडा १५ टक्के होता. घरं तशीच, सुट्ट्यांत जेवणाची टेबलं तीच. फरक इतकाच की त्या दोन-तीन वर्षं एका नव्या गावकीत राहिल्या होत्या, आणि तिथे ज्या मुलींचं नाव होतं, ज्यांच्यासारखं व्हावं असं वाटायचं, त्या मुली वेगळा विचार करत होत्या.

ज्या बदलल्या नाहीत त्या मुलींविषयी न्यूकम यांनी जे लिहून ठेवलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या हट्टी होत्या किंवा कमी हुशार होत्या, असं काही नव्हतं. कुणाचा जीव घरात फार अडकलेला होता, तर कुणी कॉलेजात मिसळलीच नव्हती. म्हणजे बदलणाऱ्यांना जसं नव्या माणसांनी ओढून नेलं, तसं न बदलणाऱ्यांना जुन्या माणसांनी धरून ठेवलं. दोन्हीकडे माणसंच.

पंचवीसएक वर्षांनी न्यूकम त्या बायकांना पुन्हा भेटले. बहुतेकींची कॉलेजातली मतं तशीच होती. पुढे ऐंशीच्या दशकात त्या म्हाताऱ्या झाल्यावर पुन्हा विचारलं, तेव्हाही कल तोच. याचं कारण न्यूकम यांना त्यांच्या घरांत सापडलं. त्यांनी नवरे आणि मैत्रिणी अशा निवडल्या होत्या की ते मत रोजच्या बोलण्यात जिवंत राहील. तुमच्या मुलानं तीन वर्षांत जे मिळवलं ते टिकेल की नाही, हे त्याच्या युक्तिवादांपेक्षा तो पुढे कुणासोबत राहतो यावर जास्त अवलंबून असेल. हे त्याला आत्ता पटणार नाही. मलाही त्या वयात पटलं नसतं.

एक गोष्ट मात्र तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. एलियास दिनास या अभ्यासकानं २०१४ मध्ये दाखवून दिलं की ज्या घरात राजकारणावर भरपूर बोललं जातं, तिथली मुलं लहानपणी आईवडिलांचे विचार जास्त उचलतात, आणि मोठेपणी तेच विचार सोडून देण्याची शक्यताही त्यांच्यातच जास्त असते. कारण घरात चर्चेची सवय लागलेली असते. मूल बाहेर पडतं तेव्हा कान उघडे ठेवून पडतं. ज्या घरात हा विषयच निघत नाही, तिथलं मूल बाहेरच्या चर्चेतही फारसं लक्ष घालत नाही. तुमचा मुलगा तुमच्याशी वाद घालायला शिकला तो तुमच्याच जेवणाच्या टेबलावर. तुम्ही त्याला मतं दिलीत, आणि ती तपासायची भूकही तुम्हीच दिलीत. भूक टिकली, मतं गेली. मी तुमच्या जागी असते तर याचं दुःख झालं असतं, पण त्यात थोडा अभिमानही वाटला असता.

घर झालं, सोबत झाली. तिसरी गोष्ट आपल्यावर ओढवणारी परिस्थिती, आणि तिचं एक उदाहरण वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. व्हिएतनाम युद्धात कुणाला सक्तीनं भरती करायचं हे ठरवण्यासाठी १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सोडत काढली गेली. एका काचेच्या बरणीत प्लॅस्टिकच्या ३६६ कुप्या. प्रत्येकीत एक तारीख. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेले, ठरावीक वयोगटातले सगळे तरुण रांगेत पहिले. ज्यांची तारीख शेवटी निघाली ते घरी निवांत. आता, माणसाची जन्मतारीख त्याच्या घराण्यावर, शिक्षणावर, स्वभावावर अवलंबून नसते. रॉबर्ट एरिक्सन आणि लॉरा स्टोकर यांनी पुढे त्या पिढीतल्या तरुणांची मतं तपासली. नंबर वर लागल्यानं ज्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आली होती, ते युद्धाच्या जास्त विरोधात गेले, पक्षाच्या बाबतीतही दुसरीकडे झुकले. तो फरक काही वर्षांत विरला नाही, कित्येक दशकं दिसत राहिला. प्रत्यक्ष लढायला न गेलेल्यांमध्येसुद्धा. एका कुपीतल्या चिठ्ठीनं आयुष्यभराचं मत वळवलं. आणि त्या प्रत्येकाला विचारलं असतं, तर त्यानं युद्धाबद्दल उत्तम, मुद्देसूद कारणं दिली असती. ती कारणं खोटी नसती. फक्त ती शोधायला त्याला त्या चिठ्ठीनं लावलं होतं.

माझ्याही आयुष्यात अशी एक चिठ्ठी आहे. संप करणं म्हणजे इतरांना वेठीला धरणं, हे मी घरून शिकले होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या काही कारकुनांनी काम बंद ठेवलं. मी त्यांच्यात नव्हते. आठवड्याभरानं सकाळी सही करायला हजेरीपट उघडला, तर माझ्या नावाच्या वरच्या ओळीत जी बाई होती, तिच्या नावावर तांबड्या शाईनं पट्टी लावून रेघ मारलेली. पट्टी लावून. कुणीतरी फूटपट्टी शोधली होती, ती सरळ धरली होती, आणि काळजीपूर्वक रेघ ओढली होती. ती बाई दीड वर्ष माझ्या शेजारी बसत होती, तिच्या मुलीची दहावी होती. त्या दिवसापासून संपाबद्दलचं माझं मत पूर्वीसारखं राहिलं नाही. कुणी मला समजावलं नव्हतं.

पण एवढ्यावर मी थांबले असते तर तेही चुकलं असतं. एक रेघ पाहिली म्हणून जगातला प्रत्येक संप न्याय्य ठरत नाही. वडिलांच्या पेपरच्या घडीनं जे केलं तेच त्या रेघेनं केलं होतं. मला एका बाजूला ढकललं होतं. ढकलल्यानंतर पुढचं काम माझं होतं, आणि ते करायला मला बरीच वर्षं लागली.

थोडा भाग पिंडाचाही असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत दिसतं की हुबेहूब एकसारख्या जुळ्यांची राजकीय मतं इतर जुळ्यांपेक्षा जास्त जुळतात. कुणाला मुळातच शिस्त आणि स्थैर्य जवळचं वाटतं, कुणाला बदलाची ओढ असते. यात फार खोल जात नाही. तुमच्या प्रश्नाचं घोडं इथे अडलेलं नाही.

ते अडलंय कारणांपाशी. ‘मी नुसती पाठ केलीत की विचार करून स्वीकारलीत?’ असा तुमचा प्रश्न आहे. इथे मला एक जरा जड वाटणारी गोष्ट सांगावी लागेल, कारण ती न सांगता दिलेला धीर पोकळ ठरेल. आपल्याजवळ कारणं आहेत, म्हणजे आपण विचार केला आहे, असं होत नाही.

स्वीडनमध्ये २०१० च्या निवडणुकीआधी संशोधकांनी रस्त्यात मतदारांना थांबवून वादाच्या १२ प्रश्नांवर त्यांची मतं एका कागदावर नोंदवायला सांगितलं. माणूस लिहीत असताना संशोधक बाजूला त्याच प्रश्नांची कागदाची एक पट्टी भरत होता, काही उत्तरं उलट करून. मग हातचलाखीनं ती पट्टी मूळ उत्तरांवर चिकटवली आणि कागद परत हातात दिला : ‘यातली काही उत्तरं जरा समजावून सांगाल?’ बदललेल्या उत्तरांपैकी फार तर २२ टक्के लोकांच्या लक्षात आली. बाकीच्या उत्तरांचं लोकांनी समर्थन केलं. काही मिनिटांपूर्वी ज्याच्या उलट खूण केली होती, त्याची कारणं दिली. ही माणसं खोटारडी नव्हती. समोर ‘माझं मत’ म्हणून जे आलं, त्याला मन आपोआप टेकू देत गेलं.

दुसरा प्रयोग त्याहून बोचरा आहे. २००३ मध्ये जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना गरिबांसाठीच्या मदत योजनेचा मसुदा वाचायला दिला. कुणाला सढळ मदतीचा, कुणाला हात आखडता घेणारा. सोबत, ही योजना तुमच्या पक्षाला मान्य आहे किंवा नाही, हेही सांगितलं. योजनेत काय आहे यापेक्षा पक्ष काय म्हणतो यावर उत्तरं ठरली. एरवी सढळ मदतीच्या बाजूनं असणारे कडक योजनेला हो म्हणाले, आणि उलटही. नंतर विचारलं तर प्रत्येकाचं म्हणणं, ‘मी योजनेतला तपशील बघून ठरवलं.’ आणि समोरच्या बाजूचे लोक? ‘ते मात्र त्यांच्या पक्षाची री ओढतात.’

तुमच्या मुलाचं वाक्य पुन्हा वाचा. ‘तू नुसती पाठ केलीयेस.’ दुसऱ्याच्या मतांचा उगम आपल्याला स्वच्छ दिसतो. स्वतःच्या मताचा उगम शोधायला गेलं की फक्त कारणं दिसतात. तुम्हाला त्या रात्री तो उगम दिसला. हे भल्याभल्यांना होत नाही, आणि म्हणून मी तुमच्या भीतीकडे दोष म्हणून पाहत नाही.

आता तुमचा प्रश्न. माझं उत्तर असं आहे की तुम्ही दोन प्रश्न एकत्र बांधले आहेत आणि ते सोडवायला हवेत. मत आलं कुठून, हा एक. मत बरोबर आहे का, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही. समजा पाढे तुम्हाला बाबांनी शिकवले. तुम्ही ते घोकून पाठ केलेत, त्या वयात एकही पाढा पडताळून पाहिला नाहीत. म्हणून बारा साते चौऱ्याऐंशी खोटं ठरत नाही. आणि बाबांनी एखादा आकडा चुकीचा सांगितला असेल, तर तो प्रेमानं सांगितला म्हणून बरोबरही ठरत नाही. तुमच्या मुलानं तुमच्या मतांचा पत्ता सांगितला, चूक दाखवली नाही. त्याच्या मतांचा पत्ता तुम्ही सांगितलात, तर तीही तेवढ्यानं खोटी ठरणार नाहीत.

आपली भाषा आपण कुणाकडून तरीच घेतली. तिच्यातला एक शब्दही तुम्ही किंवा मी बनवलेला नाही. तरी तुमचं पत्र तुमचंच आहे. मतंही अशीच आपली होतात, वापरून, तपासून, जिथे तुटतं तिथे सांधून. जे मत कधी वापरलंच नाही, फक्त बाळगलं, ते मात्र अजून बाबांचंच आहे असं म्हणावं लागेल. अशीही दोन-चार निघतील. निघू देत.

तपासायचं कसं? सगळी मतं एकदम काढू नका, घाबरायला होतं. ज्यावरून त्या रात्री भांडण झालं ते एक घ्या. मग एक साधी कल्पना करा : हाच निर्णय, याच शब्दांत, तुम्हाला न आवडणाऱ्या पक्षानं घेतला असता तर तुम्ही काय म्हणाला असता? हे मी मनचं सांगत नाही. १९८४ मध्ये चार्ल्स लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाशीच्या शिक्षेबद्दल ठाम मतं असलेल्या लोकांना त्या विषयावरचे अभ्यास वाचायला दिले. काहींना बजावलं, ‘निःपक्षपातीपणे वाचा.’ त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण प्रत्येकाला आपण निःपक्षपातीच आहोत असं वाटत होतं. काहींना सांगितलं, ‘प्रत्येक पायरीला स्वतःला विचारा, याच अभ्यासाचा निष्कर्ष उलटा आला असता तर मी त्याला इतकाच चांगला किंवा वाईट म्हटलं असतं का?’ त्यांचं वाचन खरोखर सुधारलं. ‘मी तटस्थ राहीन’ हा निश्चय कामाचा नाही. बाजू उलटवून पाहणं कामाचं आहे, आणि ते कागदावर लिहून केलं तर जास्त कामाचं, कारण मनातल्या मनात आपण स्वतःला फार लवकर पास करतो.

दुसरं, तुम्हाला जे धोरण योग्य वाटतं ते प्रत्यक्षात कसं चालतं ते पायरीपायरीनं सांगून पाहा. पैसा कुठून येतो, कोण वाटतं, कुणाला मिळत नाही, न मिळालेला कुठे दाद मागतो. ‘का हवं’ हे सांगताना माणूस अडखळत नाही. ‘कसं चालतं’ सांगायला लागलं की तिसऱ्या वाक्याला थांबतो. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे करून पाहिलं : कसं चालतं हे सांगायला लावल्यावर आपल्याला वाटलं होतं तितकं समजलेलं नाही हे लोकांनी स्वतः मान्य केलं, नुसती कारणं द्यायला लावल्यावर तसं झालं नाही. मी हे करते तेव्हा दर वेळी कुठेतरी थांबावं लागतं. ज्या जागी थांबाल तिथे थोडं वाचा.

हे करताना एक जागा येईल जिथे हात थरथरेल. तुमच्या पत्रात ती दोन ओळींच्या मध्ये आहे. एखादं मत सोडलं तर बाबा सुटतील, असं वाटेल. मत बदलणं अवघड असतं ते याचमुळे. पुराव्यांशी झगडणं जमतं, पण त्या मताला धरून जी माणसं उभी असतात त्यांचा हात सोडवत नाही. बाबांनी पेपर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी तुम्हाला काय दिलं? जगात काय चाललंय याची फिकीर असावी, ते घरात मोठ्यानं बोलावं, मुलीलाही ‘तुला काय वाटतं’ असं विचारावं. त्यांनी उत्तराला वेळ दिला नसेल. प्रश्न विचारला होता. त्यांचं एखादं मत तुम्ही उद्या सोडलंत, तरी हे तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

मुलाचंही तेच आहे. त्याच्या मतांना धरून त्याची तीन वर्षं उभी आहेत. पहिल्यांदा घराबाहेर पडल्यावर ज्यांनी त्याला आपलं म्हटलं, ती मुलं उभी आहेत. तुम्ही त्याच्या मताला ‘खुळचट’ म्हणालात, असं तुम्हीच पत्राच्या न छापलेल्या भागात लिहिलंय. त्याला ते त्याच्या मित्रांना म्हटल्यासारखं लागलं असणार. त्यानं तुमच्या बाबांना मध्ये आणलं, ते त्यानंतर.

म्हणून आता, ‘तुझी मतं तरी तुझी कुठे आहेत’ हे त्याला ऐकवू नका. वर लिहिलेलं बेनिंग्टनचं सगळं त्याच्या तोंडावर फेकायचा मोह होईल. तो आवरा. बोलण्यानं मत हलतं तेव्हा ते कसल्या बोलण्यानं हलतं, याबद्दल थोडं हाती लागलेलं आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कार्यकर्ते मायामीमध्ये घरोघर गेले आणि तृतीयपंथी व्यक्तींबद्दल लोकांशी साधारण दहा मिनिटं बोलले. भाषण केलं नाही. तुम्हाला कधी कुणी वेगळं म्हणून वागवलं होतं का, असं विचारलं आणि ऐकून घेतलं. मनातली अढी कमी झाली, आणि तीन महिन्यांनी विचारलं तेव्हाही ती कमीच होती. दहा मिनिटं, अनोळखी दारात. तुमच्याकडे तर बावीस वर्षांची ओळख आहे.

त्याला विचारा, ‘हे तुला पहिल्यांदा कधी वाटलं? तेव्हा सोबत कोण होतं?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत बाबांसारखं मध्येच स्वतः सांगू नका. मतापाशी थेट गेलात तर दोघंही पुन्हा दंड थोपटाल. ते मत ज्या दिवशी आलं त्या दिवसापाशी गेलात तर तो कदाचित काही सांगेल. एखाद्या मित्राचं नाव सांगेल, एखाद्या रात्रीबद्दल बोलेल.

पण त्याआधी तुम्हाला तुमचं सांगावं लागेल, आणि तुमच्याकडे ते आहे. तुमच्या ता. क.मध्ये आहे. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण सगळ्या पत्रात मला तेच पहिल्यांदा दिसलं. बाबा घरात असताना, त्यांच्याच हाताखाली वाढलेली मुलगी एकटी मतदान केंद्रात गेली आणि तिनं शिक्का दुसरीकडे मारला. त्या दिवशी तुमच्या मनात काय चाललं होतं? कुणाशी बोलला होतात? काय पाहिलं होतं? घरी परतल्यावर बाबांनी विचारलं का, आणि तुम्ही काय सांगितलंत? पुढच्या वेळी तुम्ही परत त्यांच्या पक्षाकडे आलात ते पटून, की चुकल्यासारखं वाटून? हे मला तुमच्याकडून ऐकायचंय, पण मी दुसरी. आधी त्याला सांगा. ज्याच्या मते त्याच्या आईनं आयुष्यात एकही मत स्वतःचं म्हणून धरलेलं नाही, त्याला हे ठाऊक असायला हवं.

जेवताना नको, तिथे अजून त्या रात्रीची सावली असेल. दोघं मिळून काही काम करत असाल, हात गुंतलेले असतील आणि एकमेकांकडे बघावं लागत नसेल, अशी वेळ निवडा. सुरुवात कशी करावी सुचलं नाही तर सरळ म्हणा, ‘तू म्हणालास ते बरंचसं खरं आहे. पण एकदा मी आजोबांना फसवलं होतं.’